वाट्याची दोन बोटं

"ह्यातला माजा किती?" वैजूनं विचारलं.

बाबरसाहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तिच्यापुढच्या लोखंडी टेबलावर वेल्डिंगच्या रॉडचा नवाकोरा पुडा ठेवला होता, त्याचं वेष्टण स्वतःच्या हातानं फाडलं होतं, आणि ही पोरगी त्याला हात लावायला तयार नव्हती.

"किती म्हणजे? सगळा तुझाच. कमी पडला तर दुसरा फोडू."

वैजूनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं डोईफोडे सरांच्या शेजारी उभा होतो. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पंगतीत वाढप्यानं जिलबीची आख्खी परात आपल्यापुढं ठेवून निघून जावं, तशी तिची गत झाली होती. आमच्या पोरांतही खसखस पिकली. सरसुद्धा हसले. त्या दिवसातलं आमचं शेवटचं हसू तेच.

वैजू म्हणजे वैजयंता, माझ्या थोरल्या चुलत्याची मुलगी. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. तिथं जमीन आहे, पण तिच्यात दगडच जास्त येतात. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं आणि ऊन तापल्यावर परत येतं. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्यामुळं आमच्याकडं मुलगी जरा मोठी दिसू लागली, की तिला मागणी घालायला येणाऱ्यांची नजर तिच्या तोंडापेक्षा तिच्या मनगटावर जास्त असते.

आण्णा, म्हणजे वैजूचे वडील, मनानं वाईट नव्हते. दोन हंगाम त्यांनी तिला मागं, माझ्या आईजवळ ठेवली आणि तिच्या हट्टापायी तालुक्याच्या आयटीआयमध्ये माझ्याबरोबर वेल्डरच्या वर्गात घातली. वर्गात ती एकटीच मुलगी. पहिले काही दिवस पोरांनी तिला 'वेल्डरीणबाई' म्हणून चिडवून घेतलं. मग एकदा तिनं रामेश्वर खाडेच्या सायकलचं मोडलेलं हँडल असं जोडून दिलं की त्याची सायकल गेली पण ते हँडल काही सुटलं नाही, आणि चिडवणं आपोआप बंद पडलं.

पण त्या वर्षी आण्णांचा नाइलाज होता. काकूंची कंबर गेली होती, आणि पलीकडच्या वस्तीवरचे केकाण आपल्या मुलासाठी वैजूला मागायला दोनदा येऊन गेले होते. त्यांचा मुलगा एकटा पडला होता, हंगामाआधी त्याची जोडी लागायला हवी होती. आण्णांनी वैजूला समोर बसवून सांगितलं, की कंपनीत नोकरी लागली तर लग्नाचं नाव काढणार नाही, केकाणांना मी तोंड देईन. नाही लागली तर मात्र तू माझं ऐकायचं. वैजूनं लगेच मान हलवली. हरायची भीती तिला नव्हतीच. आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

कारण बाबरसाहेब स्वतः होऊन आमच्या दारात आले होते. पुण्याकडच्या एका कंपनीत ते वेल्डिंगचे मुख्य. तिथं बॉयलर बनायचे. भाद्रपदातल्या एका दुपारी ते आमच्या शेडमध्ये आले, घाम पुसत स्टुलावर बसले आणि सरांना म्हणाले, "सर, मला माणसं द्या. काम पडून आहे आणि हात नाहीत. परराज्यातून माणसं आणतोय, ती सणाला गावी जातात ती येतच नाहीत. तुम्ही द्याल तितकी पोरं घेतो. फक्त आमची टेस्ट पास झाली पाहिजेत, तिथं माझा इलाज नाही. बॉयलर आहे, फुटला तर माणसं मरतात."

सरांनी आमच्याकडं बघून हात केला. "ही बगा. माझ्या वर्गात एकही पोरगं कच्चं न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या वर्गाची रीतच तशी होती.

डोईफोडे सर तासिकेवर नेमलेले. जूनमध्ये नवा आदेश येईस्तोवर आपण सर आहोत की नाही हे त्यांनाही ठाऊक नसायचं. आमच्या शेडवर देशाला कुशल हात देण्याविषयी मोठ्या अक्षरांत एक बोर्ड होता. बोर्ड दर वर्षी नवा यायचा. रॉड मात्र यायचे नाहीत, आणि आले तर प्रसादासारखे, चवीपुरते. दोन मशिनी होत्या, त्यातली एक मुकीच. बहुतेक दिवस आम्ही तुराटीची काडी हातात धरून पट्टीवर नुसता हात फिरवायचो. विस्तव नाही, धूर नाही, नुसता हात. सर मध्येच येऊन कुणाचं मनगट वळवायचे, कुणाचं कोपर खाली दाबायचे.

खरा रॉड लागायचा त्या दिवशी शेडमध्ये सणासारखं वातावरण असायचं. सर लोखंडाच्या पट्टीवर खडूनं दोन-दोन बोटांच्या अंतरावर खुणा करायचे आणि आम्हाला ओळीत उभं करायचे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन बोटं. पहिल्यानं ठिणगी पाडून दोन बोटं वेल्डिंग ओढलं, की सर वेताच्या काडीनं त्याच्या खांद्याला हलकं टोचायचे आणि म्हणायचे, "दे पुढं." त्यानं मागं न बघता रॉड चिमटलेला होल्डर मागं धरायचा. मागच्यानं तो वरच्या वर घ्यायचा आणि रॉडचं टोक लाल असेस्तोवर आपली दोन बोटं सुरू करायची. रॉड थंड पडला तर पुन्हा पेटवताना टोकाचं कवच झडायचं आणि कुणाच्या तरी वाट्यातलं कमी व्हायचं. म्हणून देणाऱ्यानंही पटकन द्यायचं आणि घेणाऱ्यानंही पटकन घ्यायचं. माझ्यामागं वैजू असायची, वैजूमागं रामेश्वर.

आम्ही त्यात इतके तयार झालो की सरांना काडी लावायची गरज उरली नाही. हात आपोआप थांबायचा, आपोआप मागं जायचा. वर्गात कुणी कधी अर्धं बोट जास्त घेतलं नाही. रामेश्वर एकदा चुकून पुढं सरकला, तर पुढच्या खेपेला त्यानं आपणहून तेवढं सोडलं. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं हे सगळं उभं राहून बघितलं आणि सरांची पाठ थोपटली. एवढ्याशा सामानात सगळ्यांना शिकवता, इतर ठिकाणी तर एक-दोन पोरं हात मारून घेतात आणि बाकीची खिडकीतून बघतात, म्हणाला. सर आठवडाभर ताठ मानेनं चालत होते. आणि आम्हीही.

वैजूची दोन बोटं सगळ्यांत देखणी. वरचा मळ हातोडीनं उडवला की खाली माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली रेघ निघायची. त्यात बोट ठेवायला जागा नसायची. सर ती पट्टी उन्हात धरून म्हणायचे, "हे बगून घ्या रे. असं पायजे."

दसरा तोंडावर आला असताना आम्ही कंपनीत टेस्टला निघालो. आण्णा एसटी स्टँडवर सोडायला आले होते. कंपनीच्या निरोपात बूट घालून या असं होतं, आणि वैजूकडं बूट नव्हते. आण्णांनी पिशवीतून आपले तोडीचे बूट काढले. पाचटात पाय कापू नयेत म्हणून फडात घालतात तसले, टाचा झिजलेले. त्यांनी ते खाली बसून स्वतः तिच्या पायात घातले आणि पुढं चिंध्या कोंबल्या.

"लागलं की लगी फोन कर," ते म्हणाले. "म्हंजी केकाणाला मी तसं सांगतो."

"आन् न्हाई लागलं तर?"

आण्णा बुटाची नाडी बांधत राहिले. "तर मी काय करू, तूच सांग," म्हणाले.

वैजूनं त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली आणि एसटीत चढली. मला खिडकीची जागा सोड म्हणाली. सगळ्या वाटेत तिची बडबड चालू होती. पहिला पगार झाला की काकूंना डॉक्टरला दाखवायचं, आण्णांना नवे बूट घ्यायचे, आणि ह्या वर्षी दोघांनीही ट्रकात पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, आधी टेस्ट तर होऊ दे. तर म्हणाली, "तुजं तू बग. माजं झालंच समज."

तर असे आम्ही कंपनीत पोचलो. शेड कसली, आमच्या गावची जत्रा मावेल एवढा तो हॉल. हिरवे पडदे लावून चार खोपटी केली होती, प्रत्येकात एक मशीन. टेस्ट सोपी होती. दोन जाड पट्ट्या कडेला कड लावून ठेवलेल्या, त्यांच्यामधली खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगनं भरायची. मग त्या जोडाचे तुकडे कापून प्रेसखाली वाकवायचे. वाकून तडा गेला नाही तर माणूस पास.

माझी पाळी पहिल्या चौघांत होऊन गेली होती. मला काम चांगलं जमलं असं वाटत होतं. मनापासून वाटत होतं. बाहेर येऊन मी सरांना तसं सांगितलंही.  माझ्या खोपट्याकडं बघत त्यांनी नुसतं "हं" केलं. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला, पण प्रवासानं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग वैजूची पाळी आली, तो पुडा फुटला, आम्ही हसलो.

तिनं एक रॉड काढला. दोन्ही तळव्यांवर आडवा धरून पाहिला, मग होल्डरमध्ये चिमटला. चेहऱ्यावर काच घेतली, ठिणगी पाडली. मीही हातातली काच डोळ्यांपुढं धरली. हात असा चालला होता की बाबरसाहेब दोन पावलं पुढं येऊन उभे राहिले. "हा हात कुणी शिकवला हिला?" असं काहीतरी ते शेजारच्या माणसाला म्हणाले. सरांनी ऐकलं असणार, मी तर ऐकलंच. माझी छाती फुगली.

आणि तिथंच वैजूचा हात थांबला. उजेड विझला. मी काच खाली घेतली. वैजूनं मागं न बघता होल्डर मागं केला होता. तिच्यामागं कुणी नव्हतं. हिरवा पडदा होता आणि तो पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. तिचा हात तसाच मागं धरलेला, रॉडचं टोक लाल, आणि घेणारं कुणी नाही.

तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तिनं हात पुढं घेतला, पुन्हा ठिणगी पाडली, पुन्हा दोन बोटं ओढली. पुन्हा हात मागं आला. या वेळी अर्ध्यातच तिनं तो आवरला. पुढच्या खेपेला आणखी आधी आवरला. पण थांबायचा तो दोन बोटांवर थांबतच होता. बाबरसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. मी सरांकडं बघितलं, तर सर भिंतीकडं तोंड करून उभे होते.

मला तेव्हाही काही कळलं नाही. मला वाटलं, बाहेरच्या लोकांसमोर घाबरली.

दुपारी सगळ्यांचे तुकडे कापून झाले आणि प्रेस सुरू झाली. पहिला तुकडा माझा होता. वाकायला लागला आणि कट असा बारीक आवाज झाला. मग आणखी एक. प्रेसवाल्यानं तो काढून टेबलावर ठेवला. रामेश्वरचा ठेवला, मग बाकीच्यांचे, आणि शेवटी वैजूचा. तिच्या तुकड्याची रेघ अजूनही सगळ्यांत देखणी होती. आणि सगळ्यांना तडे एकाच ठिकाणी गेलेले. जिथं हात थांबून पुन्हा सुरू झाला होता, तिथं. दर दोन बोटांवर.

बाबरसाहेब बराच वेळ ते तुकडे उलटेपालटे करत राहिले. एकही पास नव्हता. त्यांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते.

"सर, एखादं पोरगं मध्ये थांबलं तर मी समजू शकतो," ते म्हणाले. "ही सगळीच्या सगळी एकाच जागी कशी थांबतात? आणि मी मघापासून बघतोय, थांबली की हात मागं का करतात?"

सरांनी टेबलावरचा एक तुकडा उचलला. त्यावर आपली दोन बोटं ठेवली. बरोबर बसली.

"त्यांच्या वाट्याला तेवढंच यायचं, साहेब," ते म्हणाले.

मग त्यांनी रॉडचं, खडूच्या खुणांचं, ओळीचं सगळं सांगितलं. सांगताना एकदाही मान वर केली नाही. आम्ही पोरं भोवती उभी होतो, आणि जे आम्ही अभिमानानं करत आलो होतो ते त्या हॉलमध्ये, त्या माणसांसमोर, सरांच्या तोंडून ऐकताना मला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटत होतं. अर्धं बोट जास्त न घेणारा आमचा तो वर्ग. आमच्याइतकी इमानदार पोरं त्या कंपनीत त्या दिवशी दुसरी नसतील, आणि त्या इमानदारीपायीच आम्ही सगळे नापास झालो होतो.

बाबरसाहेबांनी मग जे करता येईल ते केलं, त्यांना दोष देऊन चालणार नाही. आमच्यासमोरच त्यांनी मोठ्या ऑफिसात फोन लावला. पोरांचा हात चांगला आहे, फक्त पुरं काम कधी केलेलं नाही, शिकाऊ म्हणून घेऊ या, सहा महिन्यांत तयार करतो, असं परोपरीनं सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फोन ठेवून म्हणाले, "त्यांना तयार माणसंच पाहिजेत. शिकवायचं काम सरकारचं, म्हणतात. माझ्याकडं काम पडून आहे, आणि मी तुम्हाला परत पाठवतोय."

मग ते वैजूकडं वळले. तिच्या एकटीसाठी टेस्ट पुन्हा घ्यायची त्यांची तयारी होती. एवढा हात वाया घालवायला त्यांचं मन धजत नव्हतं.

"पोरी, थांबायचं नाही," ते म्हणाले. "रॉड संपेस्तोवर चालत राहायचं. मागं कुणी नाही. सगळा तुझाच आहे."

वैजूनं मान हलवली. आण्णांच्या बुटातले पाय तिनं जरा फाकवून घट्ट रोवले. ठिणगी पाडली. दोन बोटं झाली, हात अडखळला, पण थांबला नाही. सर तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक "चाल, चाल" म्हणत होते. तीन बोटं झाली, चार झाली. आमच्यापैकी कुणीही कधी इतकं लांब गेलं नव्हतं. आणि तिथंच तिची अडचण झाली. दोन बोटांत लोखंड तापत नाही, पुढं ते तापत जातं. तापलं की हात भरभर न्यावा लागतो. रॉड जळून आखूड होतो तसं कोपर खाली आणावं लागतं. हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. ती आपल्या त्याच सुरेख चालीनं जात राहिली आणि तिच्या हाताखालचं लोखंड पातळ होऊन गळायला लागलं. पट्टीला बोट जाईल एवढं भोक पडलं. तरी ती थांबली नाही. थांबायचं नाही असं सांगितलं होतं ना. बाबरसाहेबांनी पुढं होऊन मशीन बंद केली.

वैजूनं काच खाली घेतली आणि त्या भोकाकडं बघत राहिली. "हे कसं झालं?" असं तिनं विचारलं, पण सरांना नाही, साहेबांनाही नाही. कुणालाच नाही.

आम्ही परतीची एसटी धरली. सर आमच्या पुढच्या सीटवर होते. घाट लागल्यावर ते मागं वळले. डोळे लाल झाले होते.

"मी चुकलो गं," ते वैजूला म्हणाले. "सगळे रॉड एकालाच दिले असते, तर एक तरी लागला असता."

"कुणाला दिले असते, सर?"

सर तिच्याकडं बघत राहिले. उत्तर त्यांच्या तोंडावरच होतं, आम्हा दोघांनाही ते दिसत होतं, पण त्यांना ते बोलवेना.

"मला दिले असते तर मी घेतले नसते," वैजू म्हणाली. "बाकीच्यांनी काय नुसतं बगत बसायचं? तुमी सगळ्यांना सारकं दिलं, सर. दुसरीकडं एवढं तरी कुठं देतेत?"

सर पुढं वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आपल्या फाट्यावर ते उतरून गेले, जाताना खिडकीवर हात ठेवून गेले. एसटी हलल्यावर वैजूनं डोकं समोरच्या दांडीवर टेकलं.

"भागवत, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी घेतले असते. सगळे घेतले असते."

आण्णा स्टँडवर उभे होते. फोन आला नाही म्हणजे काय ते त्यांना कळलंच होतं, तरी ते आले होते. वैजू खाली उतरली, कठड्यावर बसली, बूट काढले, आतल्या चिंध्या काढून टाकल्या आणि बूट त्यांच्या हातात दिले.  दसऱ्यानंतर घाईघाईत लग्न झालं. हळद पुरती उतरायच्या आत केकाणांच्या मुलाबरोबर ती ट्रकात बसली.

त्या वर्षी आमच्या वर्गातलं एकही पोरगं कुठं लागलं नाही म्हणून वेल्डरचा ट्रेड बंद झाला. सरांना जूनमध्ये आदेश आला नाही. मशिनी तालुक्यातच कुठंतरी गोदामात गेल्या. बोर्ड तेवढा राहिला. बाबरसाहेबांची माणसं अजूनही बाहेरूनच येतात, असं मध्ये कुणीतरी सांगत होतं.

मी पुढं एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली राहिलो, आणि आता तिथंच माझं स्वतःचं दुकान आहे. रॉडचे पुडे खोक्यानं पडलेले असतात. लोखंड तापलं की हात कसा न्यायचा हेही शिकलो. पण थांबायची सवय काही सुटली नाही. घाईचं काम नसलं की हात दोन बोटांवर थांबतोच, मग मी स्वतःलाच दटावून पुढं नेतो.

गेल्या हंगामात एका दुपारी उसानं भरलेली ट्रॉली माझ्या दारात उभी राहिली. जोडणीचा दांडा चिरला होता. उसावर बसलेली माणसं खाली उतरून सावलीला गेली. ट्रॉलीच्या पुढं वाकून मी काच घेतली आणि ठिणगी पाडली. दोन बोटं ओढली, हात थांबला.

आणि माझ्या डाव्या खांद्याजवळून एक हात पुढं आला. मागून, न बोलता, होल्डर घ्यायला. बोटं सगळी उसाच्या पात्यांनी चिरलेली, काळी पडलेली, पण उघडी अशी धरलेली की होल्डर बरोबर त्यांत बसावा.

मी वळून पाहिलं. वैजू होती. तोपर्यंत तिनं हात मागं घेऊन पदराखाली लपवलाही होता.

"काय न्हाई," ती म्हणाली. "तू थांबलास म्हनून. चालू दे तुजं."

मी होल्डर तिच्यापुढं धरला. ती त्याच्याकडं बघत राहिली, रॉडच्या टोकाची लाली जाऊन ते काळं पडेस्तोवर. रस्त्यावरून मुकादमानं ओरडून विचारलं, अजून किती वेळ, कारखान्यातला रांगेचा नंबर जाईल.

"थंड पडला बग," ती म्हणाली, आणि सावलीत बसलेल्या माणसांकडं निघून गेली. मी दांड्याचं उरलेलं वेल्डिंग पुरं केलं. माणसं उसावर चढली आणि ट्रॅक्टर हलला.